बगीचा पाडून पेठ जगेल काय?

कडुलिंबाची सावली

आपल्या गावातील एका व्यापारी बांधवांनी परवा या चर्चेत लिहिलेला मजकूर मी तीन वेळा वाचला आणि तिन्ही वेळा अस्वस्थ झालो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : जुन्या पेठेतील बगीचा दारुड्यांचा आणि चोरांचा अड्डा झाला आहे, त्यांच्या भीतीने गिऱ्हाईक पेठेत फिरकत नाही, म्हणून नगर परिषदेने त्या जागेवर दुमजली व्यापारी संकुल बांधावे आणि ते जमत नसेल, तर किमान आठ फूट उंच भिंत घालून सायंकाळी सहाला फाटक बंद करावे, ते सकाळी सहालाच उघडावे. अनेकांनी त्याला दुजोरा दिला, म्हणून सविस्तर उत्तर देणे मला भाग आहे.

माझा आक्षेप कार्यकारणाच्या क्रमावर आहे. बगीचा बिघडला म्हणून पेठ ओस पडली, असे ते म्हणतात. मी डोळ्यांनी पाहिले ते याच्या उलट आहे. एस.टी. स्थानक बगिच्यासमोर होते, तोवर रात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंत तेथे रसवंती चालायची, दोन पानठेले उघडे असायचे, आलूबोंड्याची कढई विझत नसे आणि बाजारहाट उरकलेली खेड्यावरची माणसे गाडीची वाट पाहत आत बसून शिदोरी सोडत. माझ्या वडिलांनी कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे बगिच्यातल्याच कडुलिंबाखाली बसून दोनदोनदा मोजले आहेत, कारण भोवती ओळखीची चाळीस माणसे असत. मग स्थानक बायपासवर गेले, तहसील कचेरी नव्या प्रशासकीय इमारतीत गेली, अर्जनवीस आणि झेरॉक्सवाले तिच्या मागोमाग गेले. त्यानंतर दिवे फुटले आणि कोणी तक्रार केली नाही, कारण अंधार पाहायला तेथे कोणी उरलेच नव्हते. मेंदीचे कुंपण पुरुषभर वाढले ते त्यानंतर, आणि दारुडे आले ते सर्वांत शेवटी.

ही केवळ आपल्या गावची गोष्ट नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या मूळ आराखड्यातच चार बागा होत्या. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी १९६१ साली दाखवून दिले की, त्यांतील रिटनहाउस चौक या बागेभोवती घरे, दुकाने आणि कचेऱ्या मिसळलेल्या असल्यामुळे तेथे दिवसभर निरनिराळ्या वेळी निरनिराळी माणसे येत आणि ती बाग भरलेली असे; वॉशिंग्टन चौकाभोवती मात्र केवळ कचेऱ्या उरल्या आणि ती बाग बदनाम झाली. बाग आपल्या शेजाराला तारत नाही, शेजारच बागेला तारतो, हा त्यांचा मुद्दा होता.

न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कचेही तेच झाले. रस्त्यापेक्षा उंचावर असलेली आणि झुडपांनी वेढलेली ही बाग १९७०च्या दशकात अमली पदार्थ विकणाऱ्यांच्या हाती गेली होती. सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी ती पाहून सांगितले की, रस्त्यावरून आतले दिसत नाही हेच दुखण्याचे मूळ आहे. १९८८ साली ती बंद करून झुडपे काढली, वाटा रुंद केल्या, खाण्याच्या टपऱ्या आणि हव्या तेथे उचलून नेता येतील अशा खुर्च्या ठेवल्या आणि १९९२ साली ती पुन्हा उघडली. तेथे दिसण्यातला अडथळा काढून टाकला. आपण आठ फूट भिंत घालून तोच अडथळा उभा करायला निघालो आहोत.

राहिले संकुल. विकास आराखड्यातील बागेचे आरक्षण कोणाच्या इच्छेने पुसता येत नाही. त्यासाठी नगररचना अधिनियम १९६६च्या कलम ३७ खाली फेरबदलाची प्रक्रिया आहे, तीत लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात आणि शासनाची मंजुरी लागते. तशी वेळ आली, तर पहिली हरकत माझी असेल.

कापड ओळ, तिसरी पिढी

गुरुजी, तो मजकूर माझाच होता, म्हणून उत्तरही मीच देतो. आपण मला सातवीत शिकवले आहे, त्यामुळे शब्द जपून वापरतो. पण आपले निवृत्तिवेतन महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होते आणि माझ्या गल्ल्यात दिवाळीच्या हंगामातही दुपारपर्यंत भोवनी होत नाही, हा फरक आपल्या लिहिण्यात कोठेही दिसला नाही.

ब्रायंट पार्कचा दाखला आपण अर्धाच दिला. ती बाग कोणाच्या पैशावर उभी राहिली, तेही सांगा. तेथे भोवतालच्या मालमत्ताधारकांकडून वेगळा आकार घेऊन, खासगी मंडळाच्या हाती कारभार देऊन ती चालवली जाते. आमच्या ओळीत अशी वर्गणी मागितली, तर देणार कोण? निम्म्या दुकानांची शटर खाली आहेत आणि उरलेल्यांपैकी निम्म्यांचा मालमत्ता कर थकलेला आहे. शिवाय आपण टपऱ्यांचे कौतुक करता. मी दुकानाचा कर भरतो, वीजबिल भरतो, कामगारांचे पगार देतो आणि माझ्याच पायरीसमोर हातगाडीवाला तोच गमछा निम्म्या नफ्यावर विकतो. पेठ मेली ती स्थानक गेल्याने, हे मला मान्य नाही. ती फुकटच्या जागेवर धंदा करणाऱ्यांनी मारली, आणि ते सारे बगिच्याच्याच कडेला उभे असतात. मागच्या वर्षी माझ्या दुकानातील मुलगा रात्री पैसे घेऊन घरी येत असताना बगिच्याच्या कोपऱ्यावर त्याला चौघांनी अडवले. त्या मुलाने दुसऱ्या दिवशी काम सोडले. त्याच्या आईला मी रिटनहाउस चौक समजावून सांगू काय?

दोन मुलींची आई

त्याच बगिच्याच्या फाटकाशी, सायंकाळी सव्वासात वाजता, माझी पोत ओढून नेली गेली, म्हणून मला बोलण्याचा अधिकार आहे असे मी समजते. मानेवरचा वळ पंधरा दिवस होता. तक्रार द्यायला गेले, तेव्हा आधी साध्या कागदावर अर्ज लिहून घेतला आणि गुन्हा नोंदवायला दोन दिवस लावले.

कापड ओळीच्या भाऊंना माझे सांगणे इतकेच आहे की, मी ओरडले तेव्हा रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावरील मुलाने ते पाहिले आणि तोच धावून आला. ज्या ठेल्यांवर आपण एवढे रागावता, त्यांपैकी एक उघडा होता म्हणून मी उभी राहू शकले. आठ फूट भिंत असती आणि मी तिच्या आतल्या बाजूला असते, तर कोणाला काय दिसले असते?

आणि गुरुजी, आपल्यालाही एक विचारते. आपल्या आठवणीतल्या त्या चाळीस माणसांत एकटी आलेली, गाडीची वाट न पाहता नुसतीच सावलीत टेकलेली बाई किती वेळा दिसली? माझ्या लहानपणी आम्हाला त्या बगिच्यात केवळ तान्ह्या पोळ्याला नेत असत, आणि तेही मामा सोबत असेल तरच. जुना काळ सगळ्यांसाठी सारखा चांगला नव्हता. तो परत आणा असे म्हणू नका, नवे काही सांगा.

खाकीतून निवृत्त

ताईंना दोन दिवस थांबवले, हे चुकलेच. माझ्या नोकरीच्या काळात भारतीय दंड विधानात हिसकावणीचे स्वतंत्र कलम नव्हते, कधी चोरी तर कधी जबरी चोरी म्हणून नोंद व्हायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३०४ म्हणून आले आहे, त्यामुळे आता सबबीला जागा उरलेली नाही.

परंतु आपण सारे मूळ रोग सोडून फांद्या छाटत आहात. मूळ आहे दारू. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी आली, त्यानंतर त्या बगिच्यात उघड्यावर बाटली दिसत नव्हती; २०२१ मध्ये बंदी उठली आणि वर्षभरात बाकांखाली काचांचा खच पडला. शेजारी गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. भिंत, दिवे, खुर्च्या या सगळ्या नंतरच्या गोष्टी आहेत.

वर्धाकाठचा

साहेब, आपला मान राखून सांगतो की हे खरे नाही, आणि आपल्याला ते इतरांपेक्षा जास्त ठाऊक असायला हवे. बंदीच्या काळात बाटली दिसत नव्हती, कारण ती खिशात होती. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, तेथे दुकाने उघडी होती. पूल रात्रभर जागा असायचा. माझ्या वर्गातील तीन मुले शाळा सोडून दुचाकीवर माल आणू लागली. त्यांतील एकाला मी त्याच बगिच्यात पुड्या वाटताना पाहिले, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. माझ्या थोरल्या भावाने विषारी काहीतरी पिऊन डोळे गमावले, तेही बंदीतच. तेव्हा बगीचा स्वच्छ होता म्हणून आमचे घर सुखी होते, असे यापुढे कोणी मला सांगू नये.

दोन मुलींची आई

आपल्या भावाचे वाईट झाले, त्याचे दुःख मला आहे. तरीही बंदीला असे एका वाक्यात झटकू देणार नाही. माझ्या सासूबाई २०१० साली चिमूरहून नागपूरला विधानभवनापर्यंत पायी गेलेल्या बायांत होत्या. पायांना फोड आले होते, आणि आल्यावर त्या म्हणाल्या, “पाय तं बरे होतीन, घर बरं झालं पाह्यजे.” बंदी नीट राबवली नाही, हा दोष बंदी मागणाऱ्या बायांचा नव्हता, ज्यांनी पुलावर डोळे मिटले, त्यांचा होता.

खाकीतून निवृत्त

पुलावर डोळे मिटले, हा आरोप सरसकट आहे. मी स्वतः नवतप्याच्या उन्हात त्या नाक्यावर उभा राहिलो आहे, गाड्या जप्त केल्या आहेत आणि त्यासाठी धमक्याही ऐकल्या आहेत. मात्र सगळेच माझ्यासारखे उभे राहिले, असे मी शपथेवर सांगू शकणार नाही. एवढे पुरे.

भरतीची तयारी

मी वयाने लहान आहे, तरी एक सांगतो. आम्ही अकरा मुले आणि चार मुली पोलीस भरतीसाठी पहाटे साडेचार वाजता त्या बगिच्याच्या आतल्या वाटेवर धावतो. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. फाटक सायंकाळी सहा ते सकाळी सहा बंद झाले, तर आम्हाला महामार्गावर कोळशाच्या ट्रकांच्या कडेने धावावे लागेल. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असतो, तेव्हा या जिल्ह्यात माणूस बाहेर बसू शकतो ते नेमक्या त्याच तासांत, ज्या तासांत आपण कुलूप मागत आहात. आम्ही तेथे असतो तोवर एकही दारुडा थांबत नाही, आणि त्यासाठी आम्हाला कोणाला हाकलावे लागलेले नाही.

कडुलिंबाची सावली

ताईंनी विचारलेल्या प्रश्नाने मी खाली मान घालून बसलो होतो. माझ्या आठवणीत एकटी बाई एकही नाही. हे मला इतक्या वर्षांत दिसले नाही, ही माझी चूक आहे आणि ती मी मान्य करतो.

दारूवरील वाद मी सोडवू शकत नाही. परंतु बंदी असताना पुड्या आणि बंदी उठल्यावर बाटल्या, या दोन्ही त्याच कोपऱ्यात कशा आल्या, हे पाहा. तो कोपरा रस्त्यावरून दिसत नाही.

फिलाडेल्फियात संशोधकांनी ५४१ ओसाड भूखंड निवडून, त्यांतील काही चिठ्ठी टाकावी तसे वेगळे काढून साफ केले, गवत आणि मोजकी झाडे लावली आणि भोवती बुटके लाकडी कुंपण घातले, ज्यातून आत जायला वाट मोकळी ठेवली होती. २०१८ साली त्यांनी निष्कर्ष मांडला की, गरीब वस्त्यांत अशा भूखंडांभोवती बंदुकीचे गुन्हे २९ टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडे बंदुका नाहीत, हे मला कळते. परंतु त्या कामात लाखोंचे संकुल नव्हते. कचरा उचलणे, गवत कापणे आणि कुंपण कमरेपर्यंत ठेवणे, एवढेच होते. आपल्या मेंदीला कात्री लावायला कोणत्या मंजुरीची वाट पाहायची?

ठेल्यांविषयी कापड ओळीचे गाऱ्हाणे मी चुकीचे मानत नाही. पथविक्रेता अधिनियम २०१४ प्रमाणे पाहणी करून, समिती नेमून जागा आखून द्यायच्या असतात. त्या आखल्या, तर पायरीही मोकळी राहील आणि फाटकासमोर उजेडही राहील.

कापड ओळ, तिसरी पिढी

भिंतीची मागणी मी मागे घेतो. ताईंच्या प्रसंगानंतर ती रेटणे मला शोभत नाही. संकुलाची मागणी सोडलेली नाही. ते जुन्या स्थानकाच्या पडीक जागेवर व्हावे असे कोणी सुचवले, तर बगिच्याचा हट्ट धरणार नाही, एवढेच. ठेल्यांच्या जागा आखण्याच्या निवेदनावर सही करीन, पण पायरीपासून निदान दहा फूट अंतराची अट त्यात लिहिलेली असली पाहिजे. कुंपण कापायला माझ्या दुकानातील दोन माणसे रविवारी सकाळी पाठवतो. गुरुजी, कात्र्या आपण आणा.

दोन मुलींची आई

कुंपण कापा, चांगलेच आहे. पण फाटकाजवळचे दोन दिवे लागेपर्यंत मी मुलींना घेऊन तेथे येणार नाही. ते लागले की आमच्या बचत गटाची गुरुवारची बैठक बगिच्यात, सायंकाळी सात वाजता घेऊ. आम्ही बावीस जणी आहोत.