हातचलाखीचे फोटो: जमलेले, फसलेले, सगळे येऊ द्या

भाचीला फोटोत गेटवे चिमटीत धरायचा होता. सोपं काम, असं वाटून रविवारी सकाळी तिला घेऊन गेलो. पाऊण तास झाला तरी गेटवे काही चिमटीत बसेना. बोटं कमानीत घुसायची, नाहीतर कमान बोटांच्या बाहेर. मी आधी उकिडवा बसलो, मग सरळ फरशीवर पालथा पडलो. कबुतरांजवळ उभे असलेले एक आजोबा काळजीने म्हणाले, "चक्कर आली का हो? पाणी देऊ?"

घरी येऊन कागदावर हिशोब मांडला तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. गेटवे २६ मीटर उंच. १०० मीटरवरून बघितला, तर कॅमेऱ्यापासून मीटरभर अंतरावरच्या हाताशेजारी तो २६ सेंटीमीटरचा दिसणार. चिमटी जेमतेम ६ सेंटीमीटरची. म्हणजे चिमटीत मावायला सव्वाचारशे मीटरच्या पुढे जायला हवं, आणि तेवढं मागे सरकायला त्या पटांगणात जागाच नाही. तळहातावर उभा केला असता तर तिथल्या तिथे जमलं असतं.

पुढच्या वेळी एलिफंटाची लाँच पकडली. धक्का सुटून बोट जरा आत गेली, मागे वळून पाहिलं, तर गेटवे चिमटीएवढा झालेला! बोट हलत होती म्हणून वीसेक फोटो काढले, त्यात दोन बरोबर बसले. एक चूक आधीच सुधारली होती: पार्श्वभूमी धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंद. या खेळात जवळचं आणि लांबचं दोन्ही सारखंच रेखीव लागतं, तरच डोळा फसतो.

तर मंडळी, तुमचे अनुभव येऊ द्या. महागडा कॅमेरा नको, नंतर संगणकावर चिकटवाचिकटवी नको. फसलेले किस्से आधी सांगा, त्यातून जास्त शिकायला मिळतं.

गिरगावचा कवडसा

माझी युक्ती मी शोधलेली नाही, ती आमच्या खोलीत आधीपासूनच होती. मे महिन्यात दुपारी आजी खिडकीची लाकडी झडप लावून घ्यायची. झडपेत एक गाठ निखळून भोक पडलं होतं. अंथरुणावर पडलं की समोरच्या भिंतीवर पलीकडची अख्खी चाळ दिसायची, उलटी. कठडा वर, छप्पर खाली, वाळत घातलेली लुगडी वरच्या दिशेने लोंबतायत, आणि कुणीतरी बादली घेऊन छतावरून चालल्यासारखं जातंय. आम्ही भावंडं त्याला 'उलटा सिनेमा' म्हणायचो. उजेड सरळ रेषेत जातो, त्यामुळे वरचा किरण भोकातून खाली पडतो आणि खालचा वर. पाठ्यपुस्तकात हे फार पुढे आलं.

गेल्या वर्षी चाळ पाडायची ठरली तेव्हा त्या भिंतीचा फोटो काढायचं मनात आलं. झडप केव्हाच गेली होती, तिथे सरकत्या काचा आलेल्या. काचांवर काळा चार्ट पेपर लावला, फटी चिकटपट्टीने बुजवल्या आणि मधोमध भोक पाडलं. भोकाचा आकार हीच सगळी मेख आहे. मसुरीएवढं केलं तर चित्र रेखीव येतं पण इतकं मंद, की डोळे सरावायला दहा मिनिटं जातात. चण्याएवढं केलं तर उजळ, पण कडा मऊ. मी चण्यावर थांबलो. समोरच्या इमारतीवर थेट ऊन असेल तेव्हाच हे दिसतं, ढगाळ दिवशी नुसता राखाडी डाग.

कॅमेरा ट्रायपॉडवर, एक्स्पोजर (म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ) ३० सेकंद. पहिल्या फोटोत गॅलरी ओस, एकही माणूस नाही! मी बघत होतो तेव्हा तर चार जण ये-जा करत होते. अर्ध्या मिनिटात चालणारा माणूस कुठेच पुरेसा वेळ टिकत नाही, म्हणून पुसला जातो. मग समोरच्या काकूंना फोन करून सांगितलं, "काकू, अर्धा मिनिट कठड्याला टेकून अजिबात हलू नका." काकू म्हणाल्या, "दूध ठेवलंय रे गॅसवर." तरी उभ्या राहिल्या. भिंतीवर आजीचा फोटो आहे आणि त्याच्या शेजारी काकू, डोकं खाली, पाय वर. चेहरा ओळखू येत नाही, पदर ओळखू येतो.

धीमी लोकल

माझं छोटंसं. धावत्या लोकलमधून फोनने खिडकीबाहेरचे फोटो काढले तर खांब तिरके येतात. फोन बिघडला नाहीये. फोन चित्र एकदम घेत नाही, एकेक ओळ वाचत जातो, तेवढ्यात खांब पुढे सरकतो. जलद गाडीत जास्त कलतात, स्टेशन आलं की सरळ होतात. घरचा पंखाही असाच घ्या, पाती विळ्यासारखी वाकतात. हात मात्र खिडकीच्या आत ठेवा. दारात तर नकोच नको.

परळचा जुना गडी

आमच्या काळी मुद्दाम करावं लागायचं नाही, आपोआप व्हायचं. वडिलांकडे आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये १२ फोटो. फोटो काढला की मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत चावी फिरवायची. विसरलात तरी कॅमेरा अडवायचा नाही, त्याच फिल्मवर दुसरा फोटो बसायचा. आत्याच्या साखरपुड्याच्या फोटोवर असाच विसर्जनाचा फोटो बसला. गणपतीच्या सोंडेतून आत्या हसतेय! वडील भडकले, आत्याने मात्र तोच फोटो मागून घेतला.

तेव्हा माझ्या डोक्यात किडा वळवळला. गच्चीवर भर उन्हात कॅरम मांडला, कॅमेरा भिंतीच्या कठड्यावर ठेवून दोन्ही बाजूंनी विटा लावल्या. काळा पुठ्ठा भिंगाच्या डाव्या अर्ध्यावर धरून भावाने बटण दाबलं, मी एका बाजूला बसलेलो. चावी न फिरवता पुठ्ठा उजव्या अर्ध्यावर, मी पलीकडे जाऊन बसलो, पुन्हा बटण. मी माझ्याशीच कॅरम खेळतोय असा फोटो! पहिल्या खेपेला पुठ्ठा मधल्या रेषेच्या जरा पुढे गेला होता, त्यामुळे बोर्डाच्या मधोमध काळा पट्टा आला आणि राणी दिसेनाशी झाली. दुसऱ्या खेपेला उलटं, मधे दुप्पट उजेड. तिसऱ्या खेपेला जमलं. १२ पैकी ३ फोटो 'खेळात घालवले' म्हणून जे ऐकून घ्यावं लागलं, ते इथे लिहीत नाही.

चारकोपची ताई

मुलाला शाळेतून प्रकल्प होता. मी म्हटलं, मटकीला मोड येताना दाखवू. दादासाहेब फाळक्यांनी १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'आधी हेच केलं होतं. वाटाणा रुजताना थोड्याथोड्या वेळाने एकेक चित्र घेतलं आणि सलग दाखवलं, भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून. आपल्याला तर फोन आहे.

दर १० मिनिटांनी एक फोटो. २४ तासांत १४४. सेकंदाला २४ चित्रं धरली तर हाती येतात फक्त ६ सेकंद! लेकाचं तोंड उतरलं. तरी लावलं. ओल्या फडक्यावर मटकी, वर फोन, चार्जर जोडलेला, फोकस आणि उजेड दोन्ही हाताने पक्के केलेले (नाहीतर प्रत्येक चित्राचा रंग वेगळा येऊन सगळं लुकलुकतं). खिडकी झाकून एकच दिवा रात्रभर चालू ठेवला.

सकाळी उठून पाहिलं तर पाच सेकंदांपर्यंत अप्रतिम. साल फाटतं, पांढरं टोक बाहेर येतं, दाणा कूस बदलतो. मग एक हात दिसतो. मग रिकामं फडकं. सासूबाईंनी पहाटे मटकी उसळीला घेतली होती. म्हणाल्या, "अगं, मोड चांगले आले होते."

गच्चीवाला

अंधारात टॉर्चने हवेत अक्षरं काढायचा प्रयत्न केला. मुंबईत अंधार मिळणं हाच पहिला प्रश्न. आमच्या गच्चीवर चारी बाजूंनी होर्डिंगचा उजेड, ३० सेकंद ठेवलं तर आकाश नारिंगी आणि अक्षर गायब. शेवटी आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १००, एफ (भिंगाचं छिद्र) ११ आणि १५ सेकंदांवर गाडी आली. कपडे काळे घाला, म्हणजे तुम्ही फोटोत येत नाही. कॅमेऱ्याकडे तोंड करून नेहमीसारखं लिहा, फोटो आरशातल्यासारखा उलटा येईल, नंतर डावं-उजवं पलटून घ्या. उलटं लिहायचा सराव करत बसू नका, मी आठवडा घालवला.

आपल्या लिपीला एक सोय आहे. शिरोरेषेमुळे टॉर्च न विझवता शब्द सलग लिहिता येतो. पण काना-मात्रेला हात उचलावाच लागतो, तेवढ्यापुरता टॉर्चवर तळवा झाका. मी 'आई' लिहिलं. 'ई'वरच्या आकडीच्या वेळी तळवा काढायला विसरलो, आकडी आलीच नाही. आईने बघितलं आणि विचारलं, "हे 'आइ' कुणाचं?"

परळचा जुना गडी

गच्चीवाल्या, एक विनंती. हल्ली मुलं लोखंडी काथ्या पेटवून गरागरा फिरवतात, ठिणग्यांचा गोल येतो म्हणून. गच्चीवर ते करू नकोस बाबा. पावसाळी ताडपत्र्या, वाळत घातलेले कपडे, एका ठिणगीचं काम आहे.

गच्चीवाला

नाही काका, टॉर्चच बरा. तेवढ्यावरही वॉचमन दोनदा वर येऊन गेलाय.

शिवाजी पार्कचा धावरा

पॅनोरमा चालू करून फोन हळूहळू फिरवायचा. मित्र डावीकडे उभा, फोन त्याच्यावरून पुढे गेला की त्याने माझ्या *पाठीमागून* पळत उजवीकडे जायचं. एकाच फोटोत दोनदा येतो. समोरून पळाला तर नुसती फरफट येते. मधे एक कुत्रा शिरला, त्याला सात पाय आले. तोच फोटो सगळ्यात जास्त फिरला.

घाटकोपर, तिसरा मजला

हवेत तरंगणाऱ्या फोटोसाठी उड्या मारल्या. सतराव्या उडीला खालच्या काकांनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. मग स्टुलावर पोटावर झोपून एक फोटो, आणि कॅमेरा न हलवता रिकाम्या खोलीचा दुसरा. दोन्ही एकावर एक ठेवून स्टूल पुसलं. हे धाग्याच्या नियमात बसत नाही, माहीत आहे. पण शिक्षाही मिळाली: स्टुलाचे पाय गेले, जमिनीवर त्यांची सावली तशीच राहिली. आणि ओढणी पोटाखाली दाबलेली, तरंगणाऱ्या माणसाची ओढणी खाली लोंबायला नको का?

धागा सुरू करणारा

चालवून घेऊ. सावली राहिल्यामुळे दंड माफ.

चारकोपच्या ताई, मटकी परत भिजवली का?

चारकोपची ताई

कालच भिजवली. या वेळी फडक्याशेजारी चिठ्ठी ठेवलीये, 'शूटिंग चालू आहे'. सासूबाईंनी चष्मा लावून वाचली आणि वेगळ्या पातेल्यात मूग घातले.