मदत हवी आहे: शेंडा खुडल्यावर फांद्या एका उंचीला कशा आणायच्या?

नमस्कार मंडळी. मी जर्मनीत असतो. इथे १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला घरी गांजाची ३ झाडं लावता येतात. माझं एक बाल्कनीत आहे, बियाणं साधं, ऑटोफ्लॉवर (दिवस लहान-मोठा न बघता वयानुसार आपोआप फुलणारं) नाही.

सहा पेरं झाल्यावर पाचव्याच्या वर शेंडा खुडला. गावी तुरीचा खुडतो तसाच. शेंड्याचा जोर गेला की बगलेतले फुटवे उठतात, हे लहानपणापासून बघितलंय. फुटवे आलेही, पण वरचे दोन वीतभर पुढे गेले आणि खालचे सावलीत खुरटले. मग कुंडीच्या काठाला भोकं पाडून वरच्या दोन्ही फांद्या सुतळीने आडव्या ओढल्या. त्यात एक बुडाशी चिरली, आतला पांढरा भाग दिसत होता. लगेच टेप गुंडाळली. पानं अजून टवटवीत आहेत, तरी जीव लागून राहिलाय.

आता त्या दोन फांद्यांचे शेंडे पुन्हा खुडू, की नुसतं वाकवत राहू? ऑगस्टमध्ये दिवस लहान झाले की झाड फुलावर जाईल, त्याआधी सगळे शेंडे एका पातळीत हवेत. टेप कधी काढायची? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.