ऊसतोडीच्या तळावर शिकवतेय, हंगाम संपायच्या आत या मुलांच्या पदरात काय पाडता येईल?

कृष्णाकाठची (प्रश्न)

मी सांगली जिल्ह्यातली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. राष्ट्रीय सेवा योजनेतून जवळच्या साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोड कामगारांच्या मुलांना शिकवायला जाते. योजनेचे वर्षाचे १२० तास कधीच भरले, पण आता जाणं थांबवणं मला जमणार नाही. बहुतेक कुटुंबं बीड जिल्ह्यातली आहेत, पाटोदा आणि शिरूर कासार तालुक्यांतली. दिवाळीच्या आगेमागे येतात आणि गाळप आटोपलं की परत जातात.

कोप्यांच्या, म्हणजे कामगारांच्या झोपड्यांच्या, शेजारी ताडपत्री टाकून संध्याकाळी वर्ग घेते. एकाच ताडपत्रीवर सहा वर्षांचा पोरगा आणि तेरा वर्षांची मुलगी, दोघांनाही वाचता येत नाही. एक मुलगी दहा-अकराची असेल, धाकट्या भावाला कडेवर घेऊनच येते. वाढ्याच्या (उसाच्या शेंड्यांचा हिरवा चारा) पेंढ्या घ्यायला गोठेवाले येतात तेव्हा किती पेंढ्यांचे किती रुपये, हे ती तोंडी क्षणात सांगते. तीच मुलगी पाटीवर सत्तावीस लिहायला सांगितलं की ७२ लिहिते. भाऊ रडायला लागला की उठून जाते, मग त्या दिवशी परत येत नाही.

जवळच्या शाळेत विचारलं, तर गावाकडचा दाखला आणा, मग बघू असं उत्तर मिळालं. हातात दोनेक महिने आहेत. पुस्तक पहिल्या धड्यापासून घेऊ की दुसरं काही? अनुभवी माणसांनी सांगावं.

शाळेच्या बाई

अगं, आधी शाळेचं बघ. तुझा वर्ग कितीही चांगला झाला तरी तो शाळेच्या जागी येऊ शकत नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि मूल मागे पडलेलं असलं तरी त्याला वयाप्रमाणे वर्गात बसवून वेगळं शिकवायचं असतं. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ते गावाकडच्या शाळेनं द्यायचं. मुलांच्या आयांकडून गावच्या गुरुजींचा फोन नंबर घे आणि दोन्ही शाळांचं बोलणं करून दे. तरी हललं नाही, तर केंद्रप्रमुखांना लेखी अर्ज दे आणि प्रत घेऊन पोच घे. मी सोलापूर जिल्ह्यात नोकरीभर ही मुलं पटावर घेतली आहेत. कागद मागून येतात, मूल समोर असतं तेव्हाच घ्यावं लागतं.

आता शिकवण्याचं. धडा पहिला विसर. वय आणि इयत्ता बाजूला ठेव आणि एकेकाला जवळ बसवून वाचायला दे : अक्षर ओळखतो का, शब्द लागतो का, छोटा परिच्छेद जमतो का, गोष्ट वाचतो का. मग त्याप्रमाणे गट कर. सहा वर्षांचा नि तेरा वर्षांची एका गटात आले तर येऊ देत, फक्त मोठीला छोट्यासमोर ओशाळं वाटणार नाही हे सांभाळ. तिला फळ्यावर लिहायचं काम दे. वाचायला गोष्टी हव्यात, नुसती बाराखडी नको. स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, बालभारतीची पुस्तकंही संकेतस्थळावरून उतरवता येतात.

आणि त्या ७२ ची काळजी करू नकोस. आपण सात आधी बोलतो आणि लिहिताना दोन आधी येतो, तिथे पुष्कळ मुलं अडकतात. पाचटाच्या काड्या घे. दहा-दहाच्या मोळ्या तिलाच बांधू दे. दोन मोळ्या डावीकडे, सात सुट्या काड्या उजवीकडे, आणि बरोबर त्यांच्याखाली आकडे. मोळी बांधणं त्या पोरांना शिकवावं लागत नाही.

फडावरचा

ताई, मी शिरूर कासारचाच. माझे आईबाप एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, म्हणून मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन जायचे, मी कोपीत वाढलो. आज लातूरला प्रयोगशाळेत नोकरीला आहे.

बाईंचं सगळं पटलं, एक जोडतो. संध्याकाळ ही पोरींची वेळ नाही. आई फडावरून येते तेव्हा पाणी, सरपण, भाकरी सगळं पोरीच्या अंगावर असतं. चूल पेटायच्या आत वर्ग संपेल असं बघा, नाहीतर पोरंच शिकतील आणि पोरी बघत राहतील.

काट्यावरची वजनाची पावती वर्गात आणा. टन, किलो, तारीख, गाडी नंबर, सगळं तिच्यात आहे. माझ्या आईला पावती वाचता येत नव्हती, मी वाचून दाखवायला लागलो त्या दिवसापासून मला अभ्यासाला बसवायला ती स्वतः मागे लागली.

आणि खरं काम पुढच्या सालाचं आहे. मी शिकलो ते आजीजवळ गावात राहिलो म्हणून, शाळेच्या हंगामी वसतिगृहात दोन्ही वेळचं जेवण मिळायचं म्हणून. मुलाला न्यायचं की ठेवायचं हे पावसाळ्यात, उचल घेताना ठरतं. तेव्हा तुम्ही तिथं नसणार. म्हणून कारखाना ब्रेकडाऊनमुळे बंद असेल त्या दिवशी आयांना गाठा, मुकादमाला नको. गावात कोण आजी-मावशी आहे, वसतिगृह होतं का, हे आत्ताच विचारून ठेवा.

पर्यवेक्षिका

कडेवरचा भाऊ तीन वर्षांचा झाला असेल तर जवळच्या अंगणवाडीत बसवता येईल, त्यासाठी गावाकडची नोंद आड येऊ नये. सेविकेला तळावर घेऊन ये, तिथे गरोदर बायाही असतील, त्यांचीही नोंद होईल. तीनच्या आतला असेल तर त्याला वर्गातच झोळी बांध. बहिणीला परत पाठवू नकोस.

कृष्णाकाठची

बाई, काका, मॅडम, मनापासून आभार. भाऊ साडेतीन वर्षांचा आहे, आईकडून विचारून घेतलं. सेविकाताई सोमवारी तळावर येतायत. पाटोद्याच्या एका गुरुजींशी फोनवर बोलले, त्यांना मुलं कुठं आहेत हे कळल्यावर बरं वाटलं आणि कार्डं पाठवतो म्हणाले. वर्ग आता चारला घेते, कॉलेजचं प्रॅक्टिकल मी सकाळच्या बॅचला बदलून घेतलं.

फडावरचे काका, एक विचारायचं राहिलं. यांच्यातली दोन मुलं पाचवीत आहेत आणि पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे. ती इथल्या शाळेत द्यायला लावू की गावी पोचल्यावर? गाळप लांबलं तर तिकडची तारीख चुकेल अशी भीती वाटते.

फडावरचा

इथल्या पटावर नाव चढलं की इथंच देऊ द्या. आणि गुणपत्रकाची झेरॉक्स आईच्या पिशवीत ठेवा, पोरांच्या दप्तरात नको. गाडी भरताना दप्तरं हरवतात.