क्विन्सीत शनिवारी रात्री नॉरईस्टर आणि मागोमाग जीवघेणी थंडी - आईबाबा पहिल्यांदाच आलेत, काय काय करून ठेवू?

वोलॅस्टनवाला (गुरुवार, रात्री ९:४०)

लोकहो मदत हवीय. आम्ही ऑगस्टमध्ये टेक्ससहून बॉस्टनजवळ क्विन्सीला आलो, बीचपासून चालत पाच मिनिटं, जुनं तीन मजली लाकडी घर, त्यातला खालचा मजला आमचा. डिसेंबर बरा गेला म्हणून मला वाटत होतं एवढा कसला बाऊ करतात इथले लोक. आता दर तासाला फोनवर काहीतरी येतंय. शनिवारी रात्रीपासून वादळ, रविवारी ५०-६० मैलांचा वारा, आणि सोमवारी पहाटे उणे ५ फॅरनहाइट म्हणजे आपलं उणे २० सेल्सियस. विंटर स्टॉर्म वॉर्निंग आहे आणि त्याच्याखाली एक्स्ट्रीम कोल्ड वॉच असं वेगळंच काहीतरी.

त्यात तीन आठवड्यांपूर्वी साताऱ्याहून आईबाबा आलेत. आईचे गुडघे धरतात, आणि बाबा ७१ वर्षांचे आहेत पण पहाटे साडेसहाचा फेरफटका चुकवत नाहीत. समजवायला गेलो तर म्हणे आम्ही महाबळेश्वरला वेण्णा लेकवर हिमकण पाहिलेत, तू काय थंडी सांगतोस.

प्रश्न असे की १) स्नो नक्की किती पडणार, एक अॅप ४ इंच म्हणतंय दुसरं १४, विश्वास कोणावर ठेवायचा २) घरमालक हिवाळाभर फ्लोरिडात असतो, थर्मोस्टॅट त्याच्या फोनवर, रात्री घरात ६१ फॅरनहाइटच्या वर जात नाही, हे चालतं का ३) लाइट गेली तर काय, बायको म्हणतेय मागचा कोळशाचा ग्रिल किचनमध्ये आणू आणि खिडकी उघडी ठेवू. आज दुकानात गेलो तर ब्रेड आणि दुधाचे रॅक रिकामे, नुसती पाटी लटकत होती.

उलटा_वारा

सगळ्यात आधी ग्रिल. नाही म्हणजे नाही. कोळसा, गॅस ग्रिल, जनरेटर यातलं काहीही घरात, गॅरेजमध्ये, पोर्चवर नको, खिडकी उघडी ठेवून काही उपयोग नाही, कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. जनरेटर सुद्धा घरापासून निदान २० फूट लांब.

ब्रेड-दुधाचं म्हणाल तर त्याला इथे गमतीत फ्रेंच टोस्ट अलर्ट म्हणतात, कारण वादळ म्हटलं की सगळे ब्रेड दूध अंडी एवढंच उचलतात. तुम्ही डाळ-तांदूळ, पोहे, बॅटऱ्या आणि औषधं बघा.

आता स्नो किती. मी तेवीस वर्षं साउथ शोअरला, म्हणजे बॉस्टनच्या दक्षिणेच्या किनाऱ्यावर, राहतोय, मला विचाराल तर हा प्रश्नच तेवढा महत्त्वाचा नाही. नॉरईस्टर म्हणजे किनाऱ्याला समांतर वर सरकणारं कमी दाबाचं वादळ. गल्फ स्ट्रीमचं कोमट पाणी एका बाजूला आणि कॅनडातून उतरलेली कोरडी थंड हवा दुसऱ्या बाजूला, त्या फरकावर ते पोसतं. २४ तासांत दाब २४ मिलिबार उतरला की बॉम्ब सायक्लोन म्हणतात. नाव ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यावरून पडलंय, म्हणजे तुमच्याकडे वारा येणार थेट समुद्रावरून, आणि समुद्राचं पाणी यावेळी फॅरनहाइटच्या चाळिशीत, अर्थात गोठणबिंदूच्या वरच. त्यामुळे वादळाचा मार्ग वीस-पंचवीस मैल इकडे सरकला तर तुमच्याकडे पाऊस आणि चिखलासारखा ओला स्नो, तिकडे सरकला तर कोरडा भुसभुशीत स्नो फूटभर. एका अॅपचे ४ आणि दुसऱ्याचे १४ ते यामुळेच. आकडा अॅपवर बघूच नका, नॅशनल वेदर सर्व्हिसच्या बॉस्टन ऑफिसचं पान बघा, आणि त्यातही फोरकास्ट डिस्कशन म्हणून लांबलचक मजकूर असतो तो वाचा, त्यात कशाची खात्री नाही ते सुद्धा सरळ लिहिलेलं असतं.

पण खरी गोम पुढे आहे. ४ इंच ओला पडला म्हणून हुश्श करू नका, ते १४ कोरड्यापेक्षा वाईट. ओला स्नो फांद्यांना आणि तारांना चिकटतो, वर ५० मैलांचा वारा, लाइट जाते. मग रविवारी दुपारनंतर वादळ पुढे सरकलं की वारा फिरतो, वायव्येकडून यायला लागतो आणि पारा धाडकन खाली. म्हणजे घरात लाइट नाही आणि बाहेर उणे ५. घर तापवायची गॅसची भट्टी असली तरी तिचा पंखा नि पंप विजेवरच चालतो हे पहिल्या वर्षी कोणाच्याच लक्षात येत नाही.

म्हणून रविवारी वारा फिरायच्या आत, कितीही पडत असलं तरी, पायऱ्या आणि गाडीभोवतीचा चिखल काढून टाका. संध्याकाळी काढू म्हणालात तर तो काँक्रीट झालेला असतो, मग फावडं नुसतं ठणठण वाजतं. साधं मीठही १५ फॅरनहाइटच्या खाली फारसं काम करत नाही, कॅल्शियम क्लोराइडची पिशवी आणा.

डोंबिवली_ते_एडिसन

इतकं घाबरू नका हो. दर वर्षी हेच. २०१५च्या जानेवारीत न्यूयॉर्कला दोन फुटांच्या वर सांगितलं होतं, सबवे बंद केली, रस्ते बंद केले आणि सेंट्रल पार्कात पडला ९.८ इंच. टीव्हीवाल्यांना टीआरपी हवा असतो.

उलटा_वारा

हो, आणि त्याच वादळात वूस्टरला ३४.५ इंच पडला, तेवढं सोयीस्कर विसरता तुम्ही न्यू जर्सीवाले. वादळ खोटं नव्हतं, तुमच्यापेक्षा थोडं पूर्वेला गेलं एवढंच.

डोंबिवली_ते_एडिसन

बरं बाबा मान्य 😄 पण थंडीबद्दल मी पण घाबरतो.

नळाला_धार

आम्ही २०२३ फेब्रुवारीत चांगलंच शिकलो, ते इथे लिहिते. त्या शनिवारी बॉस्टनला उणे १० फॅरनहाइट झालं होतं, आणि न्यू हॅम्पशरमध्ये माउंट वॉशिंग्टनवर विंडचिल (वाऱ्यामुळे कातडीला जाणवणारी थंडी) उणे १०८. आमचं किचन सिंक बाहेरच्या भिंतीला आहे. रात्री सगळं बंद करून, सिंकखालच्या कपाटाची दारंसुद्धा नीट लावून झोपलो, कारण आतून गार हवा येत होती आणि मला वाटलं दार लावलं की घर उबदार राहील. सकाळी नळाला पाणी नाही. म्हटलं येईल. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, पारा चढला, आम्ही जेवायला बसलो होतो आणि आतून पाऊस पडल्यासारखा आवाज. पाइप फुटला होता रात्रीच, फक्त बर्फाचा बूच बसलेला म्हणून कळलं नाही, तो वितळला आणि धो धो. त्यात मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते नवऱ्याला माहीत नाही, मला माहीत नाही, बेसमेंटमध्ये मोबाइलचा टॉर्च घेऊन दोघं शोधतोय आणि वरून पाणी.

प्लंबर म्हणाला की बर्फ जिथे होतो तिथे पाइप सहसा फुटत नाही, तो बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये पाणी अडकून दाब वाढतो त्याने फुटतो. म्हणून नळ थोडा उघडा ठेवायचा, दाब निघून जातो. बोरूइतकी बारीक धार, गरम आणि गार दोन्ही. कपाटाची दारं सताड उघडी. आणि आजच, लाइट असतानाच, मेन व्हॉल्व्ह शोधून त्याला लाल चिंधी बांधा.

विंडचिलने पाइप जास्त गोठतो असं काही नाही बरं का, वस्तू हवेच्या तापमानाच्या खाली जात नाही, फक्त वाऱ्याने लवकर गार होते. विंडचिलचा आकडा आपल्या कातडीसाठी.

वोलॅस्टनवाला

बाप रे. आमचंही सिंक बाहेरच्याच भिंतीला आहे. आणि घरमालकाचं काय करू?

भाडेकरू_नंबर_वन

मॅसॅच्युसेट्सचा नियम स्पष्ट आहे, हीटिंग सीझनमध्ये, म्हणजे थंडीच्या महिन्यांत, सकाळी ७ ते रात्री ११ घरात निदान ६८ आणि रात्री निदान ६४ डिग्री ठेवणं मालकाची जबाबदारी. ६१ बसत नाही. थर्मामीटरचा वेळेसकट फोटो काढा आणि लेखी पाठवा, टेक्स्ट चालेल, फोनवर गोड बोलत बसू नका. ऐकलं नाही तर शहराच्या आरोग्य खात्याला कळवा, पण ते शुक्रवारी दुपारच्या आत, शनिवार-रविवारी तुम्हाला कोण उचलणार फोन. माझा आधीचा मालक पण असाच फ्लोरिडातून डिग्री मोजायचा, फोटो पाठवला आणि दहा मिनिटांत घर गरम.

आणि हो, भट्टीचे पांढरे पाइप बाहेर कुठे निघतात ते बघा. नव्या भट्ट्यांना धुराडं नसतं, गुडघ्याएवढ्या उंचीवर भिंतीतून दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप येतात. ते स्नोने बुजले तर सगळा धूर घरात. २००५च्या जानेवारीतल्या वादळात याच राज्यात असाच व्हेंट बुजून एक लहान मुलगी गेली, त्यानंतर घराघरात कार्बन मोनॉक्साइड अलार्म सक्तीचा झाला. अलार्मचं बटण दाबून बघा वाजतो का, आणि वादळ चालू असताना दर दोन-तीन तासांनी व्हेंट मोकळा करा.

कानटोपी_डॉक्टर

आईबाबांसाठी. बाबांचा फेरफटका रविवार सोमवार बंद, यावर चर्चा नको. ५ डिग्री फॅरनहाइट आणि ३० मैलांचा वारा म्हणजे विंडचिल उणे १९, त्यात उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. कान नाक बोटं आधी. पांढरं पडून बधिर झालं तर चोळायचं नाही, आपल्याकडे चोळायची फार सवय आहे. हीटरसमोर धरायचं नाही, कारण बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. कोमट पाण्यात ठेवायचं आणि डॉक्टरला फोन.

घरात लाइट गेली आणि गारठलं तर म्हाताऱ्या माणसांकडे लक्ष ठेवा. कुडकुडायला लागले की लगेच ऊब द्या. कुडकुडणं थांबलं, बोलणं जड झालं, काहीतरी विसंगत बोलायला लागले की ९११. आणि बाबांच्या हातात फावडं अजिबात देऊ नका, ओला स्नो वजनाला भयंकर असतो आणि गार हवेत एकदम जोर केला की हार्ट अटॅकच्या केसेस येतात, दर वादळानंतर बघतो आम्ही.

रेवदंड्याची_पोर

एक कोणीच बोललं नाही, भरती. रविवारी अमावास्या आहे!! अमावास्येला बॉस्टनला भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते, आणि ईशान्येचा वारा पाणी खाडीत ढकलत बसतो. आमच्या आजोबांना कोणी अॅप दिलं नव्हतं पण उधाणाला वारा मिळाला की होडी वर ओढायची एवढं कळायचं. जानेवारी २०१८च्या वादळात बॉस्टन हार्बरचं पाणी १५.१६ फुटांवर गेलं, १९७८च्या मोठ्या हिमवादळाचा विक्रम मोडला. त्यात क्विन्सीच्या रस्त्यांवर पाणी आलं आणि मग ते गोठलं. गाड्या चाकांपर्यंत खाऱ्या बर्फात. शनिवारी रात्रीच गाडी चढावरच्या रस्त्यावर लावून या, मात्र स्नो इमर्जन्सीत मुख्य रस्त्यावर पार्किंगला बंदी असते, उचलून नेतात, तेवढं शहराच्या साइटवर बघा.

डोंबिवली_ते_एडिसन

आणि बॉस्टनला गेलात तर स्नो उकरून मोकळ्या केलेल्या पार्किंगच्या जागेत कोणाची खुर्ची ठेवलेली दिसली तर हात लावू नका, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसलाच प्रकार आहे.

उलटा_वारा

१९७८चं निघालंच आहे तर, माझा शेजारी तेव्हा रूट १२८वर अडकला होता. तीन हजारांवर गाड्या जागच्या जागी गाडल्या गेल्या. तो सांगतो की माणसं ऊब हवी म्हणून इंजिन चालू ठेवून बसली होती, आणि मागचा सायलेन्सर स्नोत बुडालेला, म्हणजे तोच विषारी धूर गाडीत. म्हणून त्याच्या गाडीत एप्रिलपर्यंत छोटं फावडं असतं. तुम्ही रविवारी कुठे जाऊच नका.

वोलॅस्टनवाला (सोमवार, सकाळी ८:१५)

सगळ्यांना थँक्यू, लाइट पहाटे चारला आली म्हणून आता लिहितोय. स्नो शेवटी ७ इंच, सगळा ओला, मग पाऊस, मग पुन्हा स्नो. रविवारी अकराला कोपऱ्यापर्यंत पाणी आलं होतं, गाडी वरच्या रस्त्यावर होती म्हणून वाचली. लाइट दुपारी चारला गेली, म्हणजे बारा तास. घर ५४पर्यंत उतरलं, चौघं एका खोलीत, दाराखाली टॉवेल, आईने आणलेल्या गोधड्या पहिल्यांदा उपयोगी पडल्या. लाइट आल्यावर सिंकखाली हात घालून पाहिला, मागची भिंत बर्फासारखी, पण रात्रभर धार चालू होती. पायऱ्या दोनलाच साफ केल्या होत्या, शेजारच्याने केल्या नाहीत, तो आत्ता कुदळीसारखं काहीतरी घेऊन फोडतोय.

घरमालकाने फोटो बघून शुक्रवारीच ६८ केलं, वर अंगठ्याची इमोजी पाठवली.

बाबा बरोबर साडेसहाला कानटोपी मफलर घालून दाराशी उभे. मी काही बोललो नाही. त्यांनी दार उघडलं, पोर्चवर गेले, बहुतेक वीस सेकंद, परत आत आले, दार लावलं आणि म्हणाले चहा टाका.