मदत हवी आहे: अंगत-पंगतीसाठी गहू नको, दूधही नको असं गोड सुचवा

निरफणस:
नमस्कार मंडळी. पुढच्या शनिवारी पुण्याला मैत्रिणींची अंगत-पंगत आहे आणि गोडाची पाळी यंदा माझी. हॉस्टेलपासूनची ही टोळी आता नाशिक, ठाणे, सांगली, पुणे अशी पांगली आहे. श्रावणात एकीच्या घरी जमायचं आणि जिने तिने आपल्या हातचं काहीतरी आणायचं, एवढंच ठरलेलं. विकतचं आणलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

एरवी डोळे मिटून श्रीखंड केलं असतं. यंदा ते बाद आणि पुरणपोळीही बाद. एका मैत्रिणीला सिलिॲक, म्हणजे गहू अजिबात न सोसणारा आजार, निघालाय, त्यामुळे गहू, रवा, मैदा, शेवया सगळं बंद. दुसरीची मुलगी बरोबर येणार आहे, तिला दुधाची ॲलर्जी आहे. तिला तूपसुद्धा चालत नाही. त्या दोघींसाठी वेगळा डबा करता येईल, पण मला तसं करायचं नाही. पानात सगळ्यांना एकच गोड हवं.

माझ्या डोक्यात खांडवी आहे. आपली कोकणातली, तांदळाचा रवा, गूळ आणि नारळाची. गुजराती नव्हे. माहेरी रत्नागिरीला नागपंचमीला व्हायचीच. अडचण प्रवासाची. सकाळी सहाची बस, पुण्यात पोचून पानं मांडेपर्यंत एक वाजणार. आदल्या रात्री करून बाहेर ठेवली तर या दमट हवेत ओला नारळ आंबेल, फ्रीजमध्ये ठेवली तर वड्यांच्या विटा होतात. पहाटे तीनला उठून करायची माझी तयारी नाही, आधीच सांगते.

साधारण बारा पानं आहेत. खांडवी टिकवायची युक्ती सांगा, नाहीतर दुसरा पदार्थ सुचवा. तुमच्याकडच्या अशा पंगतींत कोणता डबा आधी रिकामा होतो तेही लिहा, बाकीच्या जणी विचारतायत.

वाटीचमचा:
दाण्याचे लाडू कर आणि मोकळी हो. दोन वाट्या दाणे मंद आचेवर खमंग भाज, सालं पाखडून टाक, दीड वाटी चिरलेला गूळ आणि वेलची घालून मिक्सरवर थांबत थांबत फिरव. दाण्याला स्वतःचं तेल सुटतं, तूप लागतच नाही. आठ दिवस टिकतात, बसमध्ये डबा उलटा झाला तरी काही बिघडत नाही.

झारा:
गूळपोळी न्या की! टिकाऊ आणि प्रवासाला उत्तम.

वाटीचमचा:
झारा, गूळपोळी कशाची करतात हो तुमच्याकडे? :)

झारा:
अरेच्चा, गव्हाचं वाचलंच नव्हतं. मग दुधी हलवा, दुधाऐवजी नारळाच्या दुधात शिजवायचा. आमच्या ऑफिसातल्या डबा पार्टीत एकीने आणला होता, कोणाच्या लक्षातही आलं नाही. शेवटी आच मोठी ठेवू नका, नारळाचं दूध फाटतं.

निरफणस:
लाडू मनात आहेतच, पण गेल्या वर्षी सांगलीकरणीने तेच आणले होते. हलव्याचा विचार करते, नारळाच्या दुधातला कधी खाल्ला नाही.

रविवारची भाजणी:
गोडाचं उत्तर इतर देतीलच. मी दुसरंच सांगायला आले आहे, कारण आमच्या घरात नवऱ्याला सिलिॲक आहे आणि पाहुण्यांकडे जेवून आल्यावर त्रास होण्याचं कारण गोड पदार्थ क्वचितच असतो.

हिंग. बाजारात डबीत मिळतो तो बांधानी हिंग. मूळ हिंगाचा डिंक फार उग्र असतो म्हणून त्यात पीठ आणि खाण्याचा डिंक मिसळतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. डबीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा. काही कंपन्या तांदळाचं पीठ वापरतात, तो चालतो. म्हणजे आमटी, उसळ, भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, जिथे जिथे फोडणी पडली तिथे गहू आला. गोड्या मसाल्यात हिंग असतोच. लोणच्यात तर भरपूर, उडदाच्या पापडातही. तुम्ही सगळं निगुतीने कराल आणि मैत्रीण आमटीनेच आजारी पडेल. डबे आणणाऱ्या सगळ्याजणींना हे आत्ताच कळवा. सोपा मार्ग म्हणजे त्या दिवशी कोणीच हिंग घालू नये. जिरं-कढीपत्त्याची फोडणी पुरते.

थालीपीठ कोणी आणणार असेल तर भाजणी विचारा, बहुतेक घरी तिच्यात गहू असतात. भाकरी चालते, पण कणकेच्या परातीत मळलेली आणि त्याच हाताने गव्हाचं पीठ लावून थापलेली नको.

आता तुमच्या खांडवीकडे येते. तांदळाचा रवा किंवा पिठी गिरणीतून आणू नका. तुमच्या आधी कोणाचे तरी गहू दळलेले असतात आणि जात्यात उरलेलं पीठ तुमच्या पिठीत उतरतं. तांदूळ धुऊन, सावलीत फडक्यावर सुकवून घरच्या मिक्सरवर रवा काढा. तेवढाच खात्रीचा. हो, आणि भांडं आधी नीट घासून घ्या.

निरफणस:
रविवारची भाजणी, हात जोडते तुम्हाला. हिंगाचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ठाणेकरीण काळ्या वाटाण्याची आमटी आणणार आहे, तिला आत्ताच फोन केला. तिच्या डबीवर ठळक 'गव्हाचं पीठ' लिहिलेलं निघालं.

मांडवीकाठ:
मी पणजीची. श्रावण आणि गोड म्हणजे आमच्याकडे पातोळ्यो. नागपंचमीला हिंदूंच्या घरी, आणि १५ ऑगस्टला ख्रिस्ती घरांत, मारियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला. सण वेगळे, पान तेच हळदीचं. गहू नाही, दूध नाही, तूपही लागत नाही.

तांदूळ चार तास भिजवून अगदी कमी पाण्यात गंधासारखे वाटायचे, चवीला मीठ. पीठ बोटाने पसरता येईल इतपत घट्ट हवं, ओघळणारं नको. नारळ आणि गूळ शिजवून चून, म्हणजे सारण, करून ठेवायचा. हळदीच्या पानावर पिठाचा पातळ थर, अर्ध्यावर चून, पान उभं मिटायचं आणि मोदकपात्रात पंधरा मिनिटं. खाताना पान सोडवायचं. पानात गुंडाळलेल्या असल्यामुळे खांडवीइतक्या लवकर सुकत नाहीत. पण माझ्या पातोळ्या कधी रात्रभर राहिल्या नाहीत. संपतात.

माजघर:
तवसोळी करा, काही ठिकाणी धोंडस म्हणतात. याच दिवसांत मोठी पिवळट तवसं, म्हणजे जून काकड्या, बाजारात येतात. आधी एक फोड चाखून बघा. एक कडू तवसं सगळा घाट वाया घालवतं.

दोन वाट्या किसाला एक वाटी जाडसर तांदळाचा रवा, तो कोरडाच खरपूस भाजून. गूळ पाऊण वाटी, गोडखाऊ असाल तर एक. अर्धी वाटी ओला नारळ, मीठ, वेलची. किसाचं पाणी टाकू नका, त्यातच गूळ विरघळवून उकळी आणा, मग रवा आणि नारळ घालून झाकण ठेवा. रवा फुलला की खोबरेल लावलेल्या डब्यात हळदीच्या पानावर ओता आणि ओव्हनमध्ये १८० अंशांवर चाळीसेक मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड बुडाचं पातेलं तव्यावर ठेवून मंद आचेवर. आमची आजी खाली चुलीचा विस्तव आणि वरच्या झाकणावर निखारे ठेवायची. तो करपट वास ओव्हनला येत नाही, पण चालतं. ही गार झाल्यावरच चांगली कापली जाते, त्यामुळे प्रवासाला खांडवीपेक्षा बरी. तरी रात्रभर ठेवायची तर फ्रीजमध्येच.

सांजवेळ:
धागाकर्तीचा मूळ प्रश्न मात्र तसाच राहिलाय. फ्रीजमध्ये वडी टणक का होते? तांदूळ शिजताना त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुलतो. गार झाला की तोच स्टार्च पुन्हा घट्ट रचला जातो, आणि फ्रीजच्या गारव्यात हे फार लवकर होतं. कालचा भात फ्रीजमधून काढल्यावर कसा होतो ते आठवा. चांगली गोष्ट अशी की वाफ दिली की तो बऱ्यापैकी परत मऊ होतो. म्हणजे रात्री फ्रीजमध्ये ठेवून, पुण्यात पोचल्यावर चाळणीवर दहा मिनिटं वाफ, हा एक मार्ग झाला.

बाहेर ठेवायचं मात्र मनातून काढून टाका. आंबला नाही म्हणून चांगला, असं शिजलेल्या तांदळाचं नसतं. त्यात एक जंतू वाढतो, त्याचं विष नंतर कितीही उकळलं तरी जात नाही, आणि चवीवरून कळतही नाही. लहान मुलगी जेवायला आहे.

माझ्या मते सर्वांत सोपं म्हणजे शिजवून नेऊच नका. रवा घरी भाजून न्या, तो कोरडा आहे, त्याला काय होणार. गूळ चिरून न्या. नारळ पुण्यात मिळतोच, यजमानीण खवून ठेवेल. तिच्याकडे एक शेगडी अर्धा तास मोकळी मिळाली की झालं.

निरफणस:
हे पटतंय, पण 'घरून करून आणायचं' हा आमचा नियम मोडतो ना.

वाटीचमचा:
नियम 'आपल्या हातचं' असा आहे, वर तूच लिहिलंयस. हात तुझेच असणार.

रविवारची भाजणी:
सांजवेळ यांच्याशी सहमत. फक्त यजमानीणबाईंचा उलथना, कढई आणि थाळा घासूनपुसून घ्या. पोळ्यांच्या घरात भांड्यांच्या कडेला पीठ असतंच. मी नवऱ्याबरोबर कुठे राहायला जाते तेव्हा सरळ माझी कढई घेऊन जाते, लोक हसतात, हसू देत.

माजघर:
आणि रवा भाजायला तूप नको असेल तर खोबरेल वापरा, घाण्याचं, खायचं. माझ्या सासरी खांडवीला तूप वापरतच नाहीत.

निरफणस:
मग प्रमाण तपासून द्या. आईचं प्रमाण असं: एक वाटी रवा, एक वाटी चिरलेला गूळ, दोन वाट्या पाणी, पाव वाटी नारळ आत आणि तेवढाच वरून. आल्याचा छोटा तुकडा किसून, वेलची, मीठ. पाण्याला गुळासकट उकळी, मग रवा सोडून झाकण, नंतर तेलाचा हात लावलेल्या थाळ्यात थापायचं. बारा पानांना किती वाट्या घेऊ?

माजघर:
प्रमाण बरोबर आहे. रवा जाड असेल तर पाणी सव्वादोन वाट्या, आणि एक-दोन वाफा जास्त. एका वाटीत मध्यम बारा-पंधरा वड्या पडतात, तेव्हा तीन वाट्या घ्या. दोनच वाट्यांच्या केल्यात तर दुसऱ्यांदा मागणाऱ्यांकडे बघत बसाल. तीन वाट्या एकाच कढईत नीट ढवळल्या जात नाहीत, दोन घाणे करा. आलं विसरू नका, गुळाचा मिट्टपणा त्यानेच कापला जातो.

झारा:
वरचा नारळ कापायच्या आधी पसरून हलक्या हाताने दाबायचा की कापल्यावर भुरभुरायचा? आमच्याकडे यावरून वाद आहे.

माजघर:
आधी. गरम असतानाच. नंतर भुरभुरलात तर सगळा ताटात राहतो.

मांडवीकाठ:
निरफणस, पुण्यात मंडईत या दिवसांत हळदीची पानं मिळतात. दोन पानं पाण्याच्या उकळीत टाक आणि रवा घालायच्या आधी काढून घे. खांडवीला पातोळीचा वास येईल.

निरफणस:
पुणेकरणीला पानं आणायला सांगितलं. तर ठरलं असं: भाजलेला रवा, गूळ, वेलची, आलं आणि माझी स्वतःची कढई घेऊन मी बसमध्ये बसणार. दाण्याचे लाडूही थोडे करते, पोचायला उशीर झालाच तर मुलांना हातावर ठेवायला. हिंग कोणीच घालायचा नाही असं सगळ्यांना कळवलंय. सांगलीकरणीचा आक्षेप आहे, की भरल्या वांग्यांना हिंगाशिवाय चव नाही.

रविवारची भाजणी:
तिला तांदळाच्या पिठाचा हिंग आणायला सांगा. किराण्याच्या दुकानात दोन-तीन डब्या उलटून पाहिल्या की सापडतो. आणि वांग्यांच्या मसाल्यात घरचा गोडा मसाला घालणार असेल तर तो कोणत्या हिंगाचा आहे तेही विचारा, तो तर वर्षभराचा करून ठेवलेला असतो.

निरफणस:
विचारलं. उन्हाळ्यात केलेला आहे, बांधानी हिंगाचा. ती आता दाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं आणि धने-जिरं घालून नव्याने वाटणार आहे आणि माझ्यावर चिडली आहे. खांडवीची पहिली थाळी तिच्यापुढे ठेवीन म्हणते.