क्रूझवरची सुट्टी: जहाज पाहिलंत की समुद्र? अनुभव सांगा

घरात सध्या क्रूझचं घाटतंय, आणि ज्याला विचारावं त्याचं मत वेगळं. 'आयकॉन ऑफ द सीज' हे अवाढव्य क्रूझ जहाज जानेवारी 2024 मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालं, तेव्हापासून तर हा विषय फारच डोक्यात आहे. लांबी 365 मीटर, 20 डेक, पूर्ण भरलं तर सुमारे 7,600 प्रवासी आणि शिवाय 2,350 कर्मचारी. तालुक्याच्या गावाएवढी वस्ती पाण्यावर! वॉटरपार्क, बर्फाची रिंक, थिएटरं, खऱ्या झाडांची बाग. मला पडलेला प्रश्न असा, की एवढ्या सगळ्यात समुद्र कुठे उरतो का? कॅरिबियन, सिंगापूर, कुठल्याही उष्ण प्रदेशातली सफर असो, प्रवासी म्हणून गेला असाल किंवा नोकरीला, सविस्तर लिहा. जेवण, व्हिसा, म्हातारी माणसं, खर्च, सगळं चालेल. फक्त ब्रोशरमधलं नको.

न्यू जर्सीहून

आई-बाबा पुण्याहून आले होते, त्यांना घेऊन याच 'आयकॉन'वर पश्चिम कॅरिबियन केलं. होंडुरासचं रोआतान, मेक्सिकोतलं कोस्टा माया आणि कोझुमेल, बहामातलं कोकोके. आधी कागदपत्रांचं सांगते. आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, हे बुकिंगआधीच बघा, कारण जहाज मायामीला परतलं की पुन्हा इमिग्रेशन होतं. मेक्सिकोत भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा पुरतो.

बाबांना पहाटे फिरायची सवय. ते रोज जहाजावरच्या 'सेंट्रल पार्क' नावाच्या बागेत जायचे. दोन्ही बाजूंनी केबिनचे मजले चढलेले, मध्ये आकाशाची पट्टी, खाली खरी झाडं, भिंतीवर वेली. आई पानं उलटून उलटून बघायची, कीड कशी नाही म्हणून. जागा सुंदर, पण तिथून समुद्र अजिबात दिसत नाही. बाल्कनीची खोली घेताना हे नीट वाचा: काही बाल्कन्या या बागेकडे उघडतात, समुद्राकडे नाही.

कोस्टा मायाला उतरलो तर कुजलेल्या अंड्यांचा वास. किनारा तपकिरी सरगॅसमने भरलेला. हे तरंगणारं शेवाळ आहे, 2011 पासून अटलांटिकमधून प्रचंड प्रमाणात कॅरिबियन किनाऱ्यांवर येतं, आणि उन्हाळ्यात जास्त. स्थानिक माणसं दाताळ्याने ओढून ढीग करत होती, की मागून पुढची लाट नवं आणून टाकत होती. पोहायचा बेत असेल तर हे महिने टाळा, किंवा तिथे सरळ माया लोकांचे अवशेष बघायला चाचोबेनला जा.

कोझुमेलने मात्र भरपाई केली. बेटाची पश्चिम बाजू आडोशाची, पाणी नितळ. मेक्सिकोपासून होंडुरासपर्यंत पसरलेल्या, जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या प्रवाळरांगेचा हा भाग. बाबांनी लाइफ जॅकेट घालून पाण्यात तोंड घातलं आणि वर येऊन म्हणाले, "अगं, काहीतरी कुरकुरतंय खाली." पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते, त्याचा आवाज! जहाजावरचे सगळे खेळ एकीकडे आणि तो आवाज एकीकडे.

कोल्हापूरहून

अनुभव नाही, शंका आहे. एवढी उंच इमारत पाण्याखाली फक्त 9 मीटर असते असं वाचलं. वादळात कलंडत कशी नाही?

नवी मुंबईहून

मी मर्चंट नेव्हीत इंजिनीअर आहे. प्रवासी जहाजावर नव्हतो, पण तत्त्व तेच. वरचे मजले दिसतात अवाढव्य, तरी त्यांत बहुतेक पोकळीच असते: खोल्या, हॉल, बाग. इंजिनं, इंधन, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या, बॅलास्ट म्हणजे तोल सांभाळायला भरलेलं पाणी, हे जड सामान सगळं तळाशी. शिवाय रुंदी भरपूर. त्यामुळे गुरुत्वमध्य आपल्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ खाली राहतो. आणि 'आयकॉन'चं 2,48,663 ग्रॉस टनेज सांगतात ते वजन नव्हे, आतल्या जागेचं माप आहे. बातम्यांत हमखास 'एवढ्या टनांचं जहाज' छापून येतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

डोलणं कमी व्हावं म्हणून पाण्याखाली दोन्ही कुशींना पंख असतात, ते लाटेप्रमाणे कोन बदलतात. मागचे प्रोपेलर विजेवर चालणाऱ्या फिरत्या पॉडमध्ये असतात, पुढच्या बाजूला आडवे थ्रस्टर, म्हणजे जहाजाला बाजूला ढकलणारे पंखे. म्हणून एवढं मोठं धूड बहुतेक वेळा ओढणाऱ्या टगबोटींची मदत न घेता धक्क्याला लागतं. बंदरात शिरताना वरच्या डेकवर उभं राहून हे बघाच. बंदरातली वाट दाखवणारा पायलट छोट्या बोटीतून येऊन दोरीच्या शिडीने चढतो, तेही चुकवू नका. रोजचं गोडं पाणी बरंचसं समुद्राचंच, खारेपणा काढून केलेलं.

सावंतवाडीहून

मी अशा जहाजांवर केबिन स्टुअर्ड, म्हणजे खोल्या आवरणारा, होतो, पुढे सुपरवायझर झालो. आमच्या भागातली आणि गोव्यातली पुष्कळ मुलं बोटीवर आहेत. सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, एसटीसीडब्ल्यूचे म्हणजे जहाजावरच्या सुरक्षेचे कोर्स, मेडिकल, जहाजावर काम करणाऱ्यांसाठीचा अमेरिकेचा सी-वन-डी व्हिसा, एवढं झालं की साधारण सहा ते नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. त्यात रविवार नसतो. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराप्रमाणे 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती द्यावी लागते. उरलेल्या तासांचा हिशोब तुम्ही करा.

तुम्हाला न दिसणारा एक लांबच लांब रस्ता जहाजाच्या पोटातून जातो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हायवेवरून त्याला सगळे 'आय-नाइन्टीफाइव्ह' म्हणतात. भाजीचे पॅलेट, धुण्याच्या ट्रॉल्या, नाचाच्या पोशाखातल्या मुली, ग्रीसने माखलेले इंजिनरूमवाले, सगळे तिथून. सफर संपते तो दिवस आमच्यासाठी सगळ्यात अवघड. सकाळी हजारो माणसं उतरतात, दुपारी तेवढीच चढतात, आणि मधल्या काही तासांत प्रत्येक खोलीतल्या चादरी, टॉवेल, बाथरूम नवं व्हायला हवं. तुम्ही आत शिरता तेव्हा पलंगावर टॉवेलचा हत्ती बसलेला असतो. तो ज्याने केला तो बहुधा तोपर्यंत जेवलेला नसतो.

बुफेच्या दारात हात धुवायला लावतात तेव्हा कंटाळू नका. उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही, साबण आणि पाणीच हवं. अमेरिकेच्या बंदरांत तिथल्या आरोग्य यंत्रणेची माणसं न कळवता तपासणीला येतात, 100 पैकी गुण देतात आणि 85 किंवा त्याखाली आलं की नापास. ते चढले की किचनमधल्या माणसांची छाती धडधडते.

समुद्र उरतो का, असं विचारलंत. उरतो, पण त्याच्याकडे जावं लागतं. पहाटे नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, मोकळ्या डेकवर जा. जहाज पाणी कापतं तसे उडणारे मासे दचकून उसळतात, निळसर पंख पसरून लांबवर तरंगत जातात. वर बूबी नावाचे समुद्रपक्षी जहाजाच्या वाऱ्यावर टपून असतात. मासा उसळला की पंख मिटून सूर मारतात. कधी चोचीत मासा येतो, कधी नाही. ड्युटीआधी मी हे बघायला जायचो. तिकडे प्रवासी फार थोडे भेटायचे.

बंगळुरूहून

मी खर्चाचं लिहितो. कंपनीचं नाव घेत नाही. 'सगळं समाविष्ट' समजून लोक जातात, तसं नसतं. मुख्य जेवण, बुफे, शो, तलाव हे तिकिटात. दारू, सोडा, स्पेशल रेस्टॉरंटं, वायफाय, फोटो, किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. शिवाय माणशी रोजची ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांची टीप, अमेरिकन जहाजांवर ती 18 डॉलरच्या आसपास असते आणि आपोआप खात्यावर चढते. आमच्या बिलात न घेतलेलं ड्रिंक्स पॅकेज आलं होतं, ते काढून घ्यायला शेवटच्या रात्री काउंटरवर मोठी रांग लावावी लागली. रोजच्या रोज ॲपवर खातं बघा. ग्रॅच्युइटी मात्र बिलातून काढायला लावू नका. वरचा सावंतवाडीचा अनुभव वाचल्यावर तर नाहीच.

नाशिकहून

सिंगापूरहून पेनांग, फुकेत केलं. सासूबाई कट्टर शाकाहारी, कांदा-लसूणही नाही. बुकिंग करतानाच कळवलं होतं, तरी पहिल्या संध्याकाळी मी डायनिंग हॉलच्या हेड वेटरला प्रत्यक्ष भेटले. तो तामिळ निघाला. रोज रात्री उद्याचं काय हवं ते विचारून जायचा. वरणभात, भेंडी, एकदा तर साबुदाण्याची खिचडीही केली! बुफेत मात्र प्रत्येक पदार्थाला विचारावं लागतं. सिंगापूरचा व्हिसाही मल्टिपल एंट्री हवा.

आणि बोट लागते त्यांच्यासाठी: खोली खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मधोमध घ्या. वर आणि टोकाला झोका जास्त. मला अंदमान समुद्रात एक रात्र बोट लागली होती, आलं चघळलं आणि मोकळ्या डेकवर क्षितिजाकडे बघत बसले, उतरलं.

रत्नागिरीहून

माझं वय झालंय, मुलीने हौसेने अमेरिकेतल्या गॅल्व्हेस्टन बंदराहून कॅरिबियनला नेलं. आमच्या पिढीला बोट म्हणजे 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती'. भाऊच्या धक्क्यावरून निघायचं, डेकवर सतरंजी टाकायची, ट्रंक उशाला. आमच्या बंदरात बोट दूर नांगर टाकायची आणि मग पडावात उतरायचं. खलाशी पोरांना काखेत धरून लाटेचा अंदाज घेत खाली द्यायचे. पावसाळ्यात सगळं बंद.

ग्रँड केमन बेटावर जॉर्जटाऊनला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. जहाज बाहेर उभं राहतं आणि टेंडर बोटींनी लोकांना किनाऱ्यावर नेतात. त्या बोटीच्या आणि जहाजाच्या मध्ये फटीतलं पाणी वर-खाली होताना पाहिलं आणि माझे पाय आपोआप तयार झाले: लाट वर आली की पाऊल टाकायचं. शेजारची तरुण मंडळी घाबरत होती, त्यांना मी सांगितलं. व्हीलचेअरवरच्या एका बाईंना मात्र समुद्र खवळल्यामुळे उतरू दिलं नाही, त्या फार हिरमुसल्या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी धक्का असलेली बंदरंच निवडावीत. एरवी जहाजावर लिफ्ट आहेत, त्रास काही नाही.

ह्यूस्टनहून

एक महत्त्वाचं राहिलं: घड्याळ. जहाजाची वेळ आणि बंदराची वेळ एक असेलच असं नाही. कोझुमेलचा प्रांत वर्षभर एकच वेळ पाळतो, अमेरिकेत मात्र उन्हाळ्यात घड्याळ तासाभराने पुढे जातं. फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवतो आणि गोंधळ होतो. मनगटावर साधं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून बांधा. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, स्वतः टॅक्सी करून गेलात तर थांबत नाही. कोझुमेलच्या धक्क्यावर पळत येणारं एक जोडपं आणि सुटलेलं जहाज मी वरून पाहिलंय. त्यांचे पासपोर्ट खोलीच्या तिजोरीत होते. निदान पासपोर्टची फोटोकॉपी खिशात असू द्या.

सावंतवाडीहून, पुन्हा

व्यक्तिगत निरोपात मोसमाबद्दल विचारणा झाली, इथेच लिहितो. कॅरिबियनमध्ये 1 जून ते 30 नोव्हेंबर हरिकेनचा मोसम, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जोर जास्त. तेव्हा तिकिटं स्वस्त असतात. जहाज वादळात शिरत नाही, मार्ग बदलतं, म्हणजे तुम्ही पूर्वेची बेटं ठरवून गेलात आणि पश्चिमेची बघून आलात असं होऊ शकतं. त्याची भरपाई सहसा मिळत नाही. शाळेच्या सुट्ट्या टाळता येत असतील तर जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचे दिवस चांगले. आणि भारतातून जाणार असाल तर जहाज सुटण्याच्या निदान आदल्या दिवशी मायामीत पोहोचा, विमान लेट झालं तर जहाज वाट बघत नाही.