जठराच्या कॅन्सरमध्ये मिर-21 नेमकं काय करतं?

प्रश्न: एमएस्सीला आहे. मिर-21 हा मायक्रोआरएनए, म्हणजे आरएनएचा छोटासा तुकडा, आणि त्यापासून प्रोटीन बनत नाही हे कळलं, मग जेमतेम 22 न्यूक्लिओटाइडचा (आरएनएच्या साखळीतल्या कड्या) तुकडा कॅन्सर वाढवतो कसा??

रिप्लाय 1: अरे तो तुकडा आर्गोनॉट नावाच्या प्रोटीनमध्ये बसून जुळणाऱ्या एमआरएनएला (प्रोटीन बनवायचा निरोप नेणारा आरएनए) चिकटतो, बहुतेक वेळा थ्री प्राइम यूटीआरला, म्हणजे त्याच्या शेवटच्या, प्रोटीनमध्ये न उतरणाऱ्या भागाला, मग तो एमआरएनए तुटतो नाहीतर त्याचं प्रोटीन बनणं थांबतं. मिर-21 जठराच्या ट्यूमरमध्ये वाढलेला असतो आणि पीटेन या प्रोटीनला दाबतो, पीटेन म्हणजे पेशींना वाढायला सांगणाऱ्या एकेटी सिग्नलचा ब्रेक, तोच सैल झाला की पेशी मरायचं सोडून वाढतच राहतात.

रिप्लाय 2: एच. पायलोरी या जठरातल्या बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनमध्येही मिर-21 वाढलेला दिसतो बरं का, म्हणजे गडबड कॅन्सरच्या आधीपासूनच. हा भाग नक्की वाच.

रिप्लाय 3: सगळेच मायक्रोआरएनए वाईट नसतात पण. मिर-34ए ला पी53 (ट्यूमर रोखणारं प्रोटीन) चालू करतं आणि तो उलट वाढ रोखतो.